जुनं आणि नवं इंटरनेट एका घरात: आयपीव्ही४, आयपीव्ही६ आणि तुमचा वायफायचा डबा

पाचोरा स्टेशनवर ज्यांनी पी.जे., म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी, पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. एकीकडे मुंबई-भुसावळची ब्रॉडगेज, दुसरीकडे जामनेरला जाणारी छोटी नॅरोगेज. दोन्ही रेल्वेच, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढत नव्हता. जामनेरला जायचं तर पाचोऱ्याला उतरून गाडी बदलावी लागे, सामान हमालाच्या डोक्यावर द्यावं लागे.

तुमच्या घरातल्या वायफायच्या डब्याचं, म्हणजे राउटरचं, आज पाचोरा स्टेशन झालेलं आहे. त्यात इंटरनेटचे दोन रूळ येतात. जुना आयपीव्ही४, नवा आयपीव्ही६. दोन्हींवर यंत्रांचे पत्ते लिहायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकावरचं यंत्र दुसऱ्यावरच्या यंत्राशी थेट बोलू शकत नाही. मध्ये कुणीतरी माल उतरवून चढवावा लागतो. नेट 'चालतं पण नीट चालत नाही' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ मला या अदलाबदलीत सापडलं आहे.

अमळनेरात आमच्या गल्लीत आणि नात्यात कुणाचं नेट अडलं की मला बोलावणं येतं. तक्रार ठरलेली असते: "नेट चालू शे, पन कॅमेरा दिखत नही." पोरगं सुरतेला कामाला, आईवडील इथे, दारावरचा कॅमेरा हाच दोघांचा धागा. अशाच एका घरी आधी येऊन गेलेल्या माणसाने "नवीन पत्त्यानेच गडबड होते" म्हणत आयपीव्ही६ बंद करून ठेवलं होतं. कॅमेरा तरीही दिसत नव्हताच. नवा रूळ उखडल्याने जुना दुरुस्त होत नाही. म्हणून हा लेख आयपीव्ही६ बंद करायला नव्हे, दोन्ही रूळ ओळखायला शिकवतो. अर्धा-पाऊण तास काढा. वीज जाण्याची वेळ टाळून बसा.

आधी थोडं का ते समजून घ्या

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा. असे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ होतात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. १९८१ साली नियम लिहिले गेले तेव्हा हा आकडा अफाट वाटला असेल. आज एकट्या भारताची लोकसंख्या त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे, आणि एकेका घरात पाच-सात यंत्रं. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या नोंदणी संस्थेकडचा साठाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि तिथून रेशनिंग सुरू झालं.

आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. ३४० वर ३६ शून्यं, इतके पत्ते. ६ जून २०१२ ला जगातल्या मोठ्या वेबसाइट आणि नेट कंपन्यांनी तो कायमचा सुरू केला. भारतात खरी उडी मोबाइलमुळे पडली. २०१६ साली जिओ सुरू झालं तेच आयपीव्ही६ धरून, आणि आज आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत पहिल्या रांगेत आहे. तुमच्या खिशातला फोन बहुधा कधीच नव्या रुळावर गेला आहे, घरचा डबा मात्र मागे राहिलेला असू शकतो.

पहिली पायरी: आपल्या घरी काय येतं ते बघा

काहीही बदलायच्या आधी फक्त बघायचं. फोन घरच्या वायफायवर ठेवा, मोबाइल डेटा बंद करा. ब्राउझरमध्ये टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा. नाव इंग्रजीत टाइप करायचं. तिथे दहापैकी गुण मिळतात आणि बाहेरच्या जगाला तुमचे कोणते पत्ते दिसतात ते कळतं. दहा मिळाले तर तुमच्याकडे दोन्ही रूळ चालू आहेत, तिसरी पायरी सोडून द्या. शून्य मिळाला तर फक्त जुना आहे.

आता यंत्राचा स्वतःचा पत्ता. अँड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर दाबलं की तपशिलात दिसतो. विंडोजवर काळ्या पडद्याची कमांड खिडकी उघडून आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी ही अक्षरं इंग्रजीत सलग टाका.

१९२.१६८ ने सुरू होणारा चार आकड्यांचा पत्ता म्हणजे घरातला आयपीव्ही४. तो घराबाहेर चालत नाही. नव्या पत्त्यात आकड्यांबरोबर ए ते एफ ही अक्षरं आणि अपूर्णविरामाची दोन टिंबं असतात. इथे नवखे हमखास फसतात: 'एफई८०' ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणजे आयपीव्ही६ आलं, असं नाही. तो प्रत्येक यंत्र स्वतःच स्वतःला देतं, वायर उपटली तरी देतं, आणि तो घराच्या भिंतीपलीकडे जात नाही. 'एफडी' ने सुरू होणाराही घरातलाच. जगभर चालणारा पत्ता सध्या २ किंवा ३ ने सुरू होतो. भारतात बहुतेक वेळा २ च दिसेल, बऱ्याचदा २४. असा पत्ता दिसला तरच नवा रूळ तुमच्या घरापर्यंत आला.

दुसरी पायरी: जुन्या पत्त्यात किती जण वाटेकरी आहेत?

डब्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर लॉगिनचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका. नाव आणि पासवर्डही त्याच स्टिकरवर असतो. नसेल तर नेटवाल्याकडून घ्या. आत गेल्यावर 'स्टेटस' मध्ये 'वॅन' शोधा. वॅन म्हणजे बाहेरची बाजू, लॅन म्हणजे घरातली.

वॅनपुढे जो आयपीव्ही४ पत्ता आहे तो कागदावर उतरवा आणि मघाच्या वेबसाइटने दाखवलेल्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही एकच असतील तर तुम्हाला स्वतःचा पत्ता मिळालेला आहे. वेगळे असतील, विशेषतः वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टापूतला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुमच्या नेटवाल्याने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटला आहे. याला सीजी-नॅट म्हणतात. एखाद्या मोठ्या वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची पत्रं एकाच घरक्रमांकावर यावीत तसं. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर बरोबर येतं, कारण वाड्याचा मुनीम वहीत नोंद ठेवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं तर त्याला कुठल्या बिऱ्हाडात पाठवायचं हे मुनिमाला कळत नाही.

म्हणून सुरतेहून कॅमेरा दिसत नाही. डब्यात कितीही 'पोर्ट फॉरवर्डिंग' (बाहेरून आलेली जोडणी ठरलेल्या यंत्राकडे वळवणं) केलं तरी उपयोग होत नाही, कारण अडवणूक तुमच्या दारात नाही, वाड्याच्या फाटकावर आहे. ही गोष्ट माहीत नसल्याने लोकांनी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) बदललेले, नवे राउटर आणलेले मी पाहिलेत. तो पैसा वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटतं. आधी हे दोन पत्ते ताडून बघा, मग खिशात हात घाला.

तिसरी पायरी: नवा रूळ चालू करा

आधी नेटवाल्याला फोन करून एवढंच विचारा: "माझ्या कनेक्शनवर आयपीव्ही६ मिळतं का? आणि प्रिफिक्स डेलिगेशन मिळतं का?" प्रिफिक्स डेलिगेशन म्हणजे घरात वाटण्यासाठी पत्त्याचा पुढचा भाग नेटवाल्याने तुमच्या डब्याला देणं. नाही म्हणाला तर डब्यात काहीही करून ते येणार नाही. हो म्हणाला तर पुढे चला.

सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. ही सवय एकदा लागली की कशाची भीती उरत नाही. काही बिघडलं तर फोटो बघून जसंच्या तसं करता येतं. पीपीपीओई हा जोडणीचा प्रकार असेल तर त्याचं नाव-पासवर्ड पुसू नका, तो पुन्हा मिळवायला दोन दिवस जातात.

वॅनच्या पानावर आयपीचा प्रकार निवडायची जागा असते. तिथे फक्त आयपीव्ही४ असेल तर 'आयपीव्ही४ / आयपीव्ही६' किंवा 'ड्युअल स्टॅक' करा. खाली 'प्रिफिक्स डेलिगेशन' असेल तर ते चालू करा. मग लॅनच्या आयपीव्ही६ पानावर 'राउटर ॲडव्हर्टाइजमेंट' चालू आहे का बघा. डबा दर थोड्या वेळाने घरात जी दवंडी देतो ती ही. या घराचा पत्त्याचा पुढचा भाग अमुक आहे, मागचा ज्याने त्याने बनवून घ्या, एवढंच ती सांगते. तुमचा फोन हे ऐकून स्वतःचा पत्ता तयार करतो. सेव्ह करा, डबा बंद करून चालू करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा पहिली पायरी.

घरात दोन राउटर असतील तर

इथे थोडं थांबायला हवं, कारण खानदेशातल्या जुन्या घरांत हे फार दिसतं. जाड भिंती, मागे परसदार, वर गच्ची. नेटवाल्याचा डबा ओट्यावर, तिथून वायर ओढून आतल्या खोलीत आपण बाजारातून आणलेला दुसरा राउटर. जुन्या पद्धतीत दुसरा राउटर पहिल्याच्या पोटात आणखी एक छोटा वाडा करून बसायचा आणि ते चालून जायचं. नव्या पद्धतीत तो अडतो.

पत्त्याचा पुढचा भाग नेटवाला देतो. तो तुम्हाला '/६४' मापाचा एकच तुकडा देत असेल, तर तो सगळा पहिल्या डब्यालाच लागतो. दुसऱ्या राउटरला वाटायला काही उरत नाही. '/६०' मिळालं तर त्यात असे १६ तुकडे असतात, '/५६' मिळालं तर २५६. पण मोठा तुकडा मिळूनही नेटवाल्याचा डबा तो पुढे दुसऱ्या राउटरला देईलच असं नाही. मग ओट्यावर बसलं तर आयपीव्ही६ चालतं, आतल्या खोलीत नाही. लोकांना वाटतं आतला राउटर खराब आहे.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरला राउटरच्या कामातून मोकळं करा, त्याला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका. मग तो फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटायचं काम पहिलाच डबा करतो, आणि सगळं घर एकाच नेटवर्कवर येतं. मोबाइलवरून प्रिंटर सापडत नव्हता तोही सापडायला लागतो. बदल्यात दुसऱ्या राउटरमधली मुलांसाठीची बंधनं वगैरे बहुधा बंद पडतात, हे लक्षात ठेवा. ती हवीच असतील तर उलटं करा: नेटवाल्याला सांगून पहिला डबा 'ब्रिज' मोडमध्ये टाकून घ्या आणि राउटरचं सगळं काम आपल्या चांगल्या राउटरकडे द्या. लँडलाइन फोन पहिल्या डब्यातून चालत असेल तर ब्रिजच्या आधी त्याचं काय होणार ते विचारून घ्या.

चौथी पायरी: दाराची कडी

ही पायरी कुणीही सोडू नये. जुन्या पद्धतीत घरातली यंत्रं खाजगी पत्त्यामागे दडलेली असायची, म्हणून बाहेरचा आपणहून आत येऊ शकत नसे. ते आडोशामुळे मिळालेलं संरक्षण होतं. नव्या पद्धतीत तुमच्या फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. आता कडी म्हणजे डब्यातला फायरवॉल.

डब्याच्या 'सिक्युरिटी' पानावर आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे आणि बाहेरून आपणहून येणारी जोडणी अडवली जाते, हे बघा. मग कॅमेरा, डीव्हीआर आणि डबा या तिघांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदला. आजच बदला. दुकानदाराने बसवताना ठेवलेला पासवर्ड त्याने बसवलेल्या सगळ्याच घरांत तोच असू शकतो.

कडी लावताना एक चूक टाळा. काही जण 'पिंग अडवा' म्हणून आयसीएमपी, म्हणजे पिंग आणि नेटचे इतर निरोप ज्या वाटेने जातात ती वाट, सरसकट बंद करतात. आयपीव्ही६ मध्ये 'पाकीट मोठं आहे, लहान करून पाठव' हा निरोप त्याच वाटेने येतो. तो अडला की काही वेबसाइट अर्ध्या उघडून लटकतात. पीपीपीओईवर तर हे जास्तच जाणवतं, कारण तिथे पाकिटाचं माप नेहमीच्या १५०० ऐवजी १४९२ बाइट असतं.

कॅमेरा सुरतेहून कसा दिसेल?

बहुतेकांसाठी सोपा मार्ग म्हणजे कॅमेरा कंपनीचं ॲप आणि डीव्हीआरवरचा क्यूआर कोड. यात डीव्हीआर स्वतः आतून कंपनीच्या सर्व्हरकडे जोडणी करतो, आणि आतून बाहेर जायला सीजी-नॅटची हरकत नसते. घरातलं चित्र परक्याच्या सर्व्हरच्या भरवशावर राहतं, हे मात्र समजून घ्या. दारावरच्या कॅमेऱ्याला मी हे चालवून घेतो, घराच्या आतल्या कॅमेऱ्याला नाही.

दुसरा मार्ग नेटवाल्याकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेण्याचा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेवर किंवा जिनिंगमध्ये दहा-बारा कॅमेरे असतील तर विचार करावा.

तिसरा मार्ग नव्या रुळाचा. डीव्हीआरला आयपीव्ही६ कळत असेल तर फायरवॉलमध्ये फक्त त्याच्यासाठी, फक्त लागणाऱ्या पोर्टपुरतं भोक पाडता येतं. बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं, नाहीतर तो ब्रॉडगेजवर आणि तुम्ही नॅरोगेजवर. तुमचा पत्ता बदलत असेल तर तो नावाशी जोडणारी डायनॅमिक डीएनएस सेवाही लागते. नवख्याने इथून सुरुवात करू नये. करायचंच असेल तर डीव्हीआर उघडा टाकण्यापेक्षा राउटरमधल्या व्हीपीएनसाठी (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा) भोक पाडा आणि आत येऊन कॅमेरा बघा. ते कितीतरी सुरक्षित आहे.

वीज गेली, आली, आणि नेट रुसलं

भारनियमनाच्या दिवसांत माझ्याकडे येणारी ही दुसरी मोठी तक्रार. वीज येते, डब्याचे दिवे हिरवे होतात, पण काही वेबसाइट उघडायला वेळ लावतात.

डबा बंद होऊन चालू झाला की नेटवाला पुष्कळदा पत्त्याचा पुढचा भाग नवा देतो. डब्याला जुना भाग आठवत नाही, म्हणून 'जुना रद्द' अशी दवंडी तो देत नाही. बॅटरीवर जागा राहिलेला लॅपटॉप मात्र वायफाय तुटल्याचं लक्षात न घेता जुना पत्ता धरून बसू शकतो, आणि त्या पत्त्यावर पाठवलेलं उत्तर परत येत नाही. ब्राउझर आधी नव्या रुळाने जाऊन बघतो, अडलं तर जुन्याने जातो. ही सोय चांगली आहे, एरवी बिघाड जाणवतसुद्धा नाही, पण नेट जड झाल्यासारखं वाटतं ते यामुळे. त्या यंत्राचं वायफाय बंद करून चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. वायरने जोडलेल्या दुसऱ्या राउटरमागे जी यंत्रं असतात त्यांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण इन्व्हर्टरवरचा दुसरा राउटर चालूच राहतो आणि त्यांना काही बदललं हे कळतच नाही.

कायमचा उपाय म्हणजे डब्यासाठी छोटा १२ व्होल्टचा राउटर यूपीएस. घेताना डब्याच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवा. आणि मे महिन्यात डबा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तापलेला डबा आपोआप बंद-चालू होत राहतो आणि दोष आयपीव्ही६ वर येतो.

काही अडलं तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. कमांड खिडकीत पिंग लिहून पुढे वजाचं चिन्ह आणि ४, मग दोन्ही रुळांवर असलेल्या एखाद्या वेबसाइटचं, उदाहरणार्थ गूगलचं, नाव टाका. नंतर तेच ६ लावून करा. चारने उत्तर येतं आणि सहाने नाही, तर नवा रूळ अडला आहे. उलट असेल तर जुना. दोन्हींनी नावच सापडत नसेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, बघा.

शोध घ्यायला म्हणून एका लॅपटॉपवर आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून बघायला हरकत नाही, पण काम झालं की परत चालू करा. विंडोजवर ते बंद ठेवू नये, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. जुना प्रिंटर, जुना टीव्ही यांना आयपीव्ही६ कळत नसेल तर त्यांना आयपीव्ही४ वरच राहू द्या, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. घरात आयपीव्ही४ बंद करायच्या फंदातही इतक्यात पडू नका. मोबाइल कंपन्या नुसत्या आयपीव्ही६ वर फोन चालवू शकतात, कारण फोनच्या आत आणि कंपनीकडे माल उतरवून चढवणारे हमाल बसवलेले असतात. घरच्या डब्यात तसे बहुधा नसतात.

शेवटी एक कागद करा आणि डब्याशेजारी भिंतीला चिकटवा. त्यावर लिहा: आजची तारीख, वॅनचा आयपीव्ही४ पत्ता, सीजी-नॅट आहे की नाही, आयपीव्ही६ चा पुढचा भाग आणि तो /६४ आहे, /६० की /५६, दुसरा राउटर कोणत्या मोडमध्ये आहे, आणि नेटवाल्याशी बोलणं झालं तेव्हा त्याने काय सांगितलं. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो घरातल्या वहीत ठेवा. पुढच्या वेळी दुरुस्तीला कुणी आलं की आधी हा कागद त्याच्या हातात द्या, आणि काही बदललं तर जायच्या आधी त्याच्याकडूनच त्यावर लिहून घ्या.